डीपी जळाली अन् विहीर भरली: वरूड तालुक्यातल्या एका गावाचा २०१९ चा उन्हाळा

गावाचं नाव लिहत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून संध्याकाळी एकाच पारावर बसतात आणि मलाही तिथंच बसायचं आहे. अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका, सातपुड्याच्या पायथ्याकडचा पट्टा, अठराशेच्या आसपास लोकसंख्या. संत्र्याच्या बागा, थोडी पऱ्हाटी, थोडी तूर. मी शाळेत मास्तर, घरची तीन एकर बाग, एक विहीर, एक बोअर, आणि गावच्या पाणीपुरवठा समितीत नाव. म्हणजे या प्रकरणात मी पंचही होतो आणि आरोपीही, ते पुढं येईलच.

गावाच्या नळयोजनेची विहीर नाल्याच्या काठी आहे, पंचेचाळीस फूट खोल, वीस फूट रुंद. साधारण वर्षी उन्हाळ्यातही तिची मोटर दोन-तीन तास चालते. २०१८ चा पाऊस सप्टेंबरातच हात आखडून बसला, ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, टंचाई आराखडे निघाले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आमची मोटर चाळीस मिनिटांत हवा ओढायला लागली. सकाळी चाळीस, संध्याकाळी चाळीस. दोन्ही वेळ मिळून पंचवीस-सव्वीस हजार लिटर. टँकरच्या हिशेबानं माणशी वीस लिटर धरलं तरी गावाला छत्तीस हजार लागतात, त्यात ढोरं धरलेली नाहीत.

आता बाहेरच्याला वाटेल की गावानं काही केलंच नसेल. तसं नाही. २०१६ ला पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी अडवण्या-मुरवण्याच्या स्पर्धेत, राज्यातले जे तीन तालुके होते त्यात एक आमचा वरूड, बाकी कोरेगाव आणि अंबाजोगाई. आम्हीपण टिकास-फावडे घेऊन माळावर चर खोदले, हाताला फोड आले, फोटो काढले, पाणी मुरलंही. पण जितकं वरून मुरवलं तितकं खालून बोअरनं ओढलं, आणि हे कोणी कोणाला बोलून दाखवत नव्हतं कारण प्रत्येकाच्या वावरात एक तरी बोअर होतं. तमिळनाडूच्या नंबरच्या बोअरगाड्या दिवाळीपासून तालुक्यात फिरत होत्या, रात्री दोन वाजता पण गुरगुर ऐकू यायची, सकाळी उठून पहा तर कोणाच्या तरी धुऱ्यावर पांढऱ्या फुफाट्याचा ढीग. पाणाड्याला नारळ-दक्षिणा आधी, गाडीवाल्याला पैसे रोख, पाणी लागलं तर नशीब.

मग फेब्रुवारीच्या मध्यात नाल्याकडची डीपी, म्हणजे शेतीच्या लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

हे समजायला आमच्याकडची लाईट समजून घ्यावी लागते. गावठाणाचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा, शेतीचा वेगळा. तेव्हा शेतीला थ्री फेज आठ तास दिवसा, नाहीतर दहा तास रात्री मिळायची, आठवड्याआड पाळी बदलायची. रात्रीच्या पाळीत विंचूकाट्याचं कोण जाईल वावरात, म्हणून जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की पन्नास-साठ मोटरी एका झटक्यात सुरू, मालक घरी झोपलेला, बागेला पाणी पुरलं की नाही कोणी पाहत नाही, लाईट जाईपर्यंत ओढणं चालू. असा सगळा लोड एकदम आला की डीपी जळते. जळाली. नवीन बसायला सहा दिवस लागले आणि त्या सहा दिवसांत गावानं जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात ऐकल्या नाहीत, त्यात माझ्यापण होत्या.

गावाच्या विहिरीची मोटर गावठाणावर, ती चालू होती. सहाव्या दिवशी आमचा नळवाला काका शाळेत आला, दाराशी उभा राहून म्हणे, "सर, इहीर भरून रायली ना!" मले वाटलं कायतरी भलतंच सांगतो. तास सोडून गेलो. त्याच्याकडं एक सुताची दोरी होती, टोकाला जुना नटबोल्ट, फुटाफुटावर गाठ. डीपी जळायच्या आधी सकाळी पाच फूट पाणी असायचं. त्या दिवशी चौदा. पाऊस नाही, नाला कोरडाठाक, गावाचा उपसा रोजच्यासारखाच चालू, आणि पाणी नऊ फूट वर. काका म्हणे, "मले आधी वाटलं झरा फुटला. मंग ध्यानात आलं, बाजूच्या मोटरी बंद हायेत."

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. गावाला पाणी नव्हतं असं नाही, गावाचं पाणी रात्री दुसरीकडं जात होतं.

का इतका फरक पडतो तेही सांगतो, कारण हे मला त्या वर्षीच कळलं. आमच्याखाली काळा दगड, बेसॉल्ट. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड, मग काळा फत्तर, मधे कुठं लाल गेरूसारखा पट्टा, मग पुन्हा मांजऱ्या. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रात आणि भेगात. अशा खडकाच्या हजार लिटर आकारमानातून मोटरीला मिळतं ते साधारण दहा ते तीस लिटर, बस. म्हणजे दोन टक्के धरा, तर एक मीटर पातळी वाढायला दोन सेंटिमीटर पाणी पुरतं आणि एक मीटर उतरायलाही तेवढंच. नदीच्या गाळाच्या जमिनीत असं होत नाही, तिथं साठा मोठा. आमच्या इथं थोडा उपसा वाढला की पातळी धाडकन खाली, आणि तोच उपसा थांबला की तितक्याच लवकर वर. म्हणून सहा दिवसांत नऊ फूट.

दुसरा हिशेब मी त्या रात्री वहीवर केला आणि बायकोला दाखवला. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी एकशेदहा झाडं. मोठ्या झाडाला कडक उन्हाळ्यात ड्रिपनं दिलं तरी रोज शंभर लिटर धरा. एकरी अकरा हजार. माझी तीन एकर म्हणजे तेहतीस हजार. अठराशे माणसांच्या गावाला टँकरच्या मापानं छत्तीस हजार. ती म्हणाली, "म्हणजे आपण एकटेच गावाएवढं पितो का?" मी वही बंद केली.

ग्रामसभा बोलावली. पहिल्या सभेत नेहमीचंच झालं. टँकर मागवा, नवीन बोअर मारा, विहीर खोल करा. तीनही चुकीचं नाही, पण टँकर भरायला पण कुठली तरी विहीरच लागते, आणि विहिरीतला चार फूट गाळ आम्ही काढलाच, थोडा फायदा झाला. सरकारी बोअर दोनशे फुटांपर्यंत गेलं, नुसती भुकटी. मग एका पोट्ट्यानं विचारलं की डीपीचं काय, आणि सभा एकदम गप्प. कारण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

कायदा काय सांगतो हे तहसीलमधून समजून घेतलं. १९९३ च्या भूजल कायद्यापासूनच असं आहे की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, आणि टंचाई जाहीर झाली तर एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर बंधन घालता येतं. पुढचा २००९ चा कायदा, जो २०१४ पासून लागू झाला, त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरला मनाई. आमच्या तालुक्यात सातशे-आठशे फूट ही नॉर्मल गोष्ट होती. पाचशे मीटरचा गोल काढून आम्ही मोजलं तर अकरा विहिरी अन् चौदा बोअर. सातबाऱ्यावर विहीर दिसते, बोअर बहुतेकांची दिसतच नाहीत. परवानगी एकाकडंही नाही. माझ्याकडंपण नाही. आता पंचवीस घरांवर नोटीस काढणार कोण, आणि काढली तर दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत पोरं कोण पाठवणार?

म्हणून नोटीस बाजूला ठेवली आणि मोजायला लागलो. विहिरीची पातळी दोरीनं निघते, बोअरची नाही, कारण आत पाईप, केबल, सगळं चिकटून. गावातल्या वायरमन पोरानं जुगाड केलं: दोन कोरची बारीक वायर, खाली टोकं उघडी, वजनाला खिळा, वर मल्टिमीटर. टोकं पाण्याला लागली की बीप. तीनदा वायर पंपाच्या केबलमध्ये अडकली, एकदा तर तुटून आतच राहिली, मालक लय तापला. मग पाच-पाच मोटरींचे गट पाडले आणि एकेक गट दोन दिवस बंद ठेवून पहाटे पाच वाजता गावाच्या विहिरीत दोरी टाकायची. सगळ्यांनी हो म्हटलं, कारण दोन दिवसांचाच प्रश्न होता. मार्चचा पहिला पंधरवडा यातच गेला.

निकाल असा आला की पंचवीसपैकी पाचच मोटरी गावाच्या विहिरीला ओढत होत्या. तीन नाल्याच्या काठच्या, समजू शकतो. उरलेली दोन बोअर साडेतीनशे-चारशे मीटर लांब, आणि त्यांच्यापेक्षा जवळचे बोअर बंद ठेवले तरी विहिरीला ढिम्म फरक नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक आले होते, त्यांनी शाळेच्या फळ्यावर रेघ मारून दाखवली: ही दोन बोअर आणि गावाची विहीर एकाच भेगेवर आहेत, जवळचे बोअर भेगेच्या बाहेर. कायदा गोल काढतो, पाणी रेषेत चालतं. मला विचाराल तर गोल नोटीस काढायला ठीक, पण कोणाची मोटर बंद करायची हे त्यावरून ठरवाल तर वीस निरपराध लोकांशी भांडण घ्याल आणि पाणी तिथंच राहील. यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चारदा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, आणि तालुक्याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. पण आमच्या नाल्याच्या विहिरीला रात्री कोण ओढतं हे त्या आकड्यांत कसं दिसणार? ते काकाच्या दोरीलाच दिसलं.

ते पाच कोण? तीन लहान शेतकरी, एक मी, आणि एक पाटील. हो, माझं बोअर त्या भेगेवरच निघालं. सभेत सांगताना घशाला कोरड पडली.

तिघांशी बोलणं त्या मानानं सोपं गेलं. ऑटो स्विच काढायचे, मोटर दिवसातून दोनच तास, तेही स्वतः वावरात उभं राहून. बदल्यात भेगेबाहेरच्या एका शेतकऱ्यानं आपल्या बोअरमधून दोघांच्या बागेला पाईप टाकू दिला, पाईपाचा खर्च गावानं वर्गणीतून केला. तिसऱ्यानं आंबिया बहाराची फळं झाडून टाकली. हे लिहायला एक ओळ लागते. पण बोराएवढी हिरवी फळं बांबूनं झोडपून खाली पाडायची, पूर्ण वर्षाचं उत्पन्न, आणि खाली बसलेली म्हातारी ती वेचून टोपल्यात भरते, काय करणार त्या फळांचं तिलाही माहीत नाही. झाड जगवायचं तर फळ सोडावं लागतं, कृषीवाले पण तेच सांगत होते: फळं काढा, हलकी छाटणी करा, आळ्यात सोयाबीनचं कुटार पसरा, पानावर केओलिन, म्हणजे पांढऱ्या मातीचा फवारा, मारा. मी पण अर्ध्या बागेची फळं पाडली. अर्ध्याचीच. हिंमत झाली नाही.

राहिले पाटील. चौदा एकर बाग, सातशे फुटांचं बोअर, गावातलं सगळ्यात चांगलं पाणी. आम्ही चौघं गेलो. चहा झाला. म्हणे, "माह्या वावरातलं पाणी हाय. मी काय गावाले इचारून मोटर लावू का?" आणि खरं सांगायचं तर कायद्याच्या मुळाशी तेच आहे, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमिनीच्या मालकाचं असंच धरत आलेत. सरपंच काहीतरी बोलायला गेला, आवाज वाढला, आम्ही उठलो.

त्यांच्या शेजारच्या मावशींची विहीर डिसेंबरातच आटली होती. त्या आठवड्यात एका रात्री लाईट गेलेली, सगळ्या मोटरी शांत. मावशींनी मला बोलावलं, पाटलांचा सोकारी, म्हणजे वावराचा राखणदार, ओळखीचा, त्यानं बोअरच्या तोंडावरचं टोपण बाजूला केलं. "कान लावून पहा सर." मी गुडघ्यावर बसून केसिंगला कान लावला. आत पाणी पडत होतं. टपटप नाही, सतत, जसं न्हाणीघरातला नळ थोडा उघडा राहिला की होतं तसं, खूप खालून. मी म्हटलं बोअरला चांगलं पाणी आहे. भूवैज्ञानिकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले चांगलं नाही, उलट. बोअरला केसिंग फक्त वरच्या तीस फुटांना, खाली भोक उघडं. वरच्या मांजऱ्यातलं पाणी, म्हणजे मावशींच्या विहिरीचं, गावाच्या विहिरीचं, भोकाच्या भिंतीतून निघून चारशे फूट खाली पडतंय. मोटर बंद असली तरी पडतंय. दिवसरात्र.

म्हणजे पाटलांनी मोटर बंद केली तरी प्रश्न अर्धाच सुटणार होता. यावर पक्का उपाय एकच, लांब केसिंग टाकून बाजूनं सिमेंट भरणं, आणि मार्चमध्ये तो खर्च कोणी करणार नव्हतं.

इथं जे सुचलं ते ग्रामसेवकाला सुचलं, श्रेय त्याचंच. टंचाईत खासगी विहीर-बोअर अधिग्रहित करता येतं, मालकाला मोबदला मिळतो. सगळीकडं अधिग्रहण करताना पाहतात की कोणाकडं पाणी आहे. त्यानं विचारलं की ज्याचं बोअर गावाची विहीर ओढतं तेच का घेऊ नये? वरचं पाणी त्या भोकात पडतच आहे तर निदान ते गावाच्या टाकीत येऊ द्या. प्रस्ताव टाकला. आमचा तालुका लोकसभेला वर्ध्यात, ११ एप्रिलला मतदान, तोवर सगळी यंत्रणा निवडणुकीत गुंतलेली. तरी एप्रिलच्या शेवटी आदेश आला. पाटील आधी चिडले, मग तीन दिवसांनी स्वतःच म्हणाले की पाईपलाईन आमच्या धुऱ्यानं न्या, जवळ पडते. मला वाटतं त्यांना हरल्यासारखं नको होतं. देणारा म्हणून बोर्डावर नाव लागलं, गोष्ट मिटली. रोज चार तास गावाला, उरलेल्यात त्यांची बाग. मोबदल्याचं बिल मात्र एका ऑफिसात असं अडकलं की पुढची दिवाळी गेली, आणि ते मला अजून टोमणा मारतात.

बोअरचं पाणी जड निघालं. डाळ शिजेना, चहा फाटल्यासारखा. बायांनी दोनच दिवसांत व्यवस्था लावली: विहिरीचं पाणी सकाळी, पिण्या-स्वयंपाकाला, बोअरचं संध्याकाळी, धुण्याभांड्याला आणि ढोरांना. समितीच्या ठरावात हे कुठंही नाही. आणि जड पाण्यानं विहिरीवरचा ताण जो कमी झाला तो आमच्या सगळ्या बैठकांपेक्षा जास्त होता असं नळवाला काका म्हणतो.

आकडे सांगतो. एप्रिलच्या शेवटी मोटर चाळीस मिनिटांवरून पंचावन्नवर गेली, सकाळ-संध्याकाळ. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पन्नासच्या खाली. टँकर आम्हालाही लागला, पाच आठवडे, रोज एक खेप. शेजारच्या गावात मार्चपासून चालू होता. पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. माझ्या तीनशे तीस झाडांपैकी नव्वद वाळली, तालुक्यात लोकांनी अख्ख्या बागा कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला दिल्या, त्या मानानं मी वाचलो.

आणि आरोपीची गोष्ट. एप्रिलमध्ये दोन रात्री मी गुपचूप मोटर लावली. वडिलांनी लावलेली ओळ होती, पानं सुकून गोल झालेली, पाहवेना. पहाटे काका दोरी टाकून आला आणि शाळेच्या फाटकाशी मला गाठून हळूच म्हणाला, "सर, दोन दिस झाले, इहीर सहा इंच कमी भरून रायली. पाटलाची तं बंद व्हती, म्या पाहून आलो." बाकी काही बोलला नाही. मी त्या दिवशी स्टार्टरची चावी काढून त्याच्याकडं देऊन टाकली. त्यानं घेतली पण, नाही म्हटलं नाही.

पाऊस पडला तसे पंधरा दिवसांत सगळे ऑटो स्विच परत बसले. ठराव जूनपर्यंतचा होता, लोक म्हणाले. २०१९ च्या डिसेंबरात अटल भूजल योजना सुरू झाली, वरूड-मोर्शी भाग तिच्यात आला, मग गावात पर्जन्यमापक लागला, भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवला गेला, किती पडलं, किती मुरलं, किती उपसलं. चांगलं काम आहे. फक्त त्या भिंतीवर गाव एक दिसतं, भेग दिसत नाही. पाटलांनी पुढं नवं बोअर घेतलं, तेव्हा केसिंग शंभर फूट टाकलं आणि बाजूनं सिमेंट भरून घेतलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, बोअरवाल्याकडून कळलं. जुनं भोक अजून उघडंच आहे.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला नाल्याकडून धडाम आवाज आला आणि वावरातले दिवे गेले. पाच मिनिटांत काकाचा फोन.

"सर, डीपी गेली. सकाळी दोरी घेऊन येऊ का?"